तयारीविना २१ किलोमीटर

गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी सकाळी मी माझ्याच घराचा जिना उलटा उतरलो. आमचा दवाखाना खाली आणि घर वर. मध्ये सतरा पायऱ्या. गेली बावीस वर्षे त्या पायऱ्या मी कधी मोजल्याही नव्हत्या. त्या दिवशी मात्र दोन्ही हातांनी कठडा धरून, तोंड जिन्याकडे करून, एकेक पाय चाचपडत खाली यायला मला चार मिनिटे लागली. खाली बाकावर बसलेले रुग्ण उठून उभे राहिले. एका आजींनी काळजीने विचारले, "डॉक्टर, पडलात की काय?"

पडलो नव्हतो. आदल्या दिवशी २१ किलोमीटर धावलो होतो, आणि त्यासाठी जी तयारी करायला हवी होती ती केलेली नव्हती.

या पाक्षिकाचे बहुतेक वाचक ज्येष्ठ आहेत किंवा ज्येष्ठांना सांभाळणारे आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या एका डॉक्टरने शर्यतीत पाय दुखावून घेतले, याच्याशी आपला काय संबंध, असे त्यांना वाटेल. मलाही प्रारंभी तसेच वाटले होते. पण त्या आठवड्यात जे घडले, त्यातून मी माझ्या वयाविषयी, माझ्या आईच्या आजारपणाविषयी आणि शुश्रूषा करणाऱ्याच्या थकव्याविषयी जे शिकलो, ते आपल्यापाशी बोलावेसे वाटते.

ठरले एक, झाले दुसरे

साताऱ्यात २०१२ पासून डोंगरावरची हाफ मॅरेथॉन होते. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने काही अंतर जायचे आणि त्याच वाटेने परत यायचे. हाफ मॅरेथॉनचे अंतर २१ किलोमीटरहून किंचित अधिक असते. येथे त्यातला निम्मा भाग चढाचा आणि निम्मा उताराचा. पावसाळ्याच्या उत्तरार्धात घाटात धुके असते, कड्यावरून पाण्याच्या धारा लोंबत असतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गावकरी टाळ्या वाजवत उभे असतात. कित्येक वर्षे मी त्या गर्दीत उभा राहून टाळ्या वाजवल्या. मग एका वर्षी वाटले, आपणही धावावे.

नोंदणी केली, तपासण्या करून घेतल्या. रक्तदाब, साखर, हृदयाचा आलेख, ताण चाचणी, सर्व ठीक निघाले. सोळा आठवड्यांचे वेळापत्रक कागदावर आखून दवाखान्यातल्या टेबलाच्या काचेखाली ठेवले. आठवड्यातून तीन दिवस अजिंक्यताऱ्याचा चढ, एक दिवस सलग लांब अंतर, दोन दिवस मांड्यांचे आणि कमरेचे व्यायाम. एप्रिल आणि मे महिन्यांत ते वेळापत्रक मी बऱ्यापैकी पाळले. सलग सात किलोमीटर धावू लागलो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री अडीचच्या सुमारास, माझी एक्याऐंशी वर्षांची आई न्हाणीघरात घसरली. आवाज ऐकून धावत गेलो. तिचा उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला आणि किंचित आखूड दिसत होता. क्ष-किरण तपासणीची गरज मला तरी नव्हती. खुब्याचे हाड मोडले होते.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली आणि अर्धा सांधा बदलला. त्यानंतरच्या सकाळी फिजिओथेरपिस्ट मुलीने तिला वॉकर धरून उभे केले. आईला ते क्रूरपणाचे वाटले. "हाड मोडलंय रे माझं, आणि ही मला उभं करते!" ती माझ्याकडे पाहून म्हणाली. वृद्ध माणूस अंथरुणाला खिळले की स्नायू दिवसागणिक झिजतात, छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायांतल्या शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. हे मी शेकडो कुटुंबांना समजावले आहे. स्वतःच्या आईला ते सांगताना माझा आवाज कापला.

ती घरी आल्यावर रात्री बदलल्या. तिला दोन-तीन वेळा उठवावे लागे, कुशीवर वळवावे लागे, भांडे द्यावे लागे. रात्रीचे काम मी घेतले, दिवसाचे पत्नीने. त्यातच पावसाळी तापांची साथ सुरू झाली आणि दवाखाना रात्री साडेनऊपर्यंत भरलेला राहू लागला. काचेखालचे वेळापत्रक तसेच राहिले. जूनच्या मध्यापासून शर्यतीपर्यंतच्या अकरा आठवड्यांत मी मोजून नऊ वेळा धावलो. त्यातले सर्वांत मोठे अंतर नऊ किलोमीटर होते, आणि तेही सपाटीवर.

पत्नी म्हणाली, "अहो, यंदा राहू द्या. पुढच्या वर्षी जा."

मी म्हणालो, "हळू जाईन. दमलो तर चालेन."

कोणी असे उत्तर दिले की मी दवाखान्यात मान हलवतो. "जरासाच गोड खाल्लं", "एकच गोळी चुकली" या उत्तरांच्या जातीचेच हे उत्तर. मी धावायला का गेलो, याचे खरे कारण त्या वेळी मी कोणालाच सांगितले नाही. स्वतःलाही नाही. मला पदक नको होते. तीन तास मला कोणी हाक मारू नये, एवढेच हवे होते.

घाटातले तीन तास

शर्यतीच्या रात्री जेमतेम चार तास झोप झाली. पहाटे उजवा गुडघा थोडा दुखत होता, म्हणून निघताना एक वेदनाशामक गोळी घेतली. ही गोळी लक्षात ठेवा. तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

सुरुवात सुंदर झाली. हजारो पावलांचा एकत्रित आवाज, ढोल-ताशे, ओलसर थंड हवा. समर्थ मंदिर मागे पडले आणि घाट सुरू झाला. मी ठरवल्यापेक्षा वेगाने धावत होतो, आणि ते मला कळतही होते; पण महिन्यांनंतर छातीत भरून घेतलेली ती हवा मला थांबू देत नव्हती. यवतेश्वर ओलांडले तेव्हा खाली धुक्यात शहर बुडाले होते. वळणाच्या खुणेशी पोहोचलो तेव्हा वाटले, झालेच की. आता तर उतारच आहे.

याच ठिकाणी माझी समजूत चुकली. चढताना दम लागतो, म्हणून चढ अवघड वाटतो. परंतु उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच त्यांना शरीराचा भार रोखून धरावा लागतो, ब्रेक लावल्यासारखा. अशा कामाने स्नायूंच्या तंतूंना अधिक इजा होते. डोंगर उतरल्यानंतर दोन दिवस मांड्या दुखतात, त्याचे कारण हेच. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना जिना चढण्यापेक्षा उतरणे अवघड जाते, त्यामागेही या स्नायूंचा अशक्तपणा बऱ्याचदा असतो. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांच्या सरावाने सुधारतात. स्नायूबंध, सांधे आणि हाडे यांना त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. माझा दम टिकला होता. पाय टिकले नाहीत.

चौदाव्या किलोमीटरला मांड्या थरथरू लागल्या. सोळाव्याला डाव्या पोटरीत असा गोळा आला की मी रस्त्याकडेच्या कठड्यावर मटकन बसलो. हवा थंड असल्यामुळे तहान लागली नव्हती, म्हणून पाण्याच्या दोन ठिकाणी मी थांबलोच नव्हतो. दीड-दोन तासांच्या श्रमानंतर स्नायूंतला साखरेचा साठा संपत येतो. तोही संपला असावा. डोके हलके झाले होते.

तेवढ्यात कोणीतरी माझ्यापाशी थांबले. एस.टी.तून निवृत्त झालेले एक वाहक, वय सत्तरीच्या आसपास, माझेच रुग्ण. आठ वर्षांपूर्वी त्यांना मधुमेह निघाला तेव्हा मीच त्यांना चालायला सांगितले होते. आधी पंधरा मिनिटे, मग वीस, मग तीस. त्यांनी माझी पोटरी चोळली, खिशातला खजूर दिला आणि म्हणाले, "डॉक्टर, तुम्हीच सांगितलं होतं ना, आठवड्याला थोडं थोडंच वाढवायचं? नवावरून एकदम एकवीस?"

मी काही बोललो नाही. ते माझ्याबरोबर पाच मिनिटे चालले आणि मग आपल्या संथ, एकसारख्या चालीने धुक्यात पुढे निघून गेले.

उरलेले पाच किलोमीटर मी चाललो. पोहोचायला एकूण तीन तास सात मिनिटे लागली. तीन तासांत मला कोणी हाक मारली नव्हती, फक्त एकदा, आणि ती ऐकावी अशीच होती.

कोऱ्या चहाचा रंग

रविवारी संध्याकाळी लघवी गडद झाली. पाणी कमी पडले असेल, असे म्हणून मी ते सोडून दिले. सोमवारी दुपारपर्यंत तिचा रंग कोऱ्या चहासारखा झाला. तेव्हा मात्र मला सर्व लख्ख दिसले.

अतिश्रमाने स्नायू मोठ्या प्रमाणावर तुटले की त्यांतला मायोग्लोबिन नावाचा पदार्थ रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांवर त्याचा भार पडतो. शरीरात पाणी कमी असेल तर धोका वाढतो. त्यात आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी घेतलेली असेल तर आणखीच; कारण या गोळ्या मूत्रपिंडांकडे जाणारा रक्ताचा ओघ कमी करतात. अपुरी तयारी, अपुरे पाणी आणि पहाटेची ती गोळी, या तिन्ही गोष्टी मी स्वतः जमवून आणल्या होत्या.

एका मित्राच्या रुग्णालयात तपासणी केली. स्नायूंची झीज दाखवणारे सीपीके साधारणपणे दोनशेच्या आसपास असावे. माझे ११,००० च्या वर होते. माझे क्रिएटिनिन नेहमी ०.९ असते, ते १.७ झाले होते. दोन दिवस शिरेवाटे सलाइन घेत मी पडून राहिलो. सुदैवाने मूत्रपिंडे सावरली. दहा दिवसांनी आकडे पूर्ववत झाले. सर्वांचेच असे होत नाही. काहींना डायलिसिस लागते.

ज्येष्ठ वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ही अवस्था केवळ धावणाऱ्यांची नव्हे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, गुडघ्यांसाठी दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळीही चालू आहे, आणि त्यातच जुलाब किंवा ताप येऊन पाणी कमी पडले, की घरातल्या घरात बसूनही मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. मूत्रपिंडांचा किंवा हृदयाचा विकार असेल तर हा धोका अधिक. म्हणून वेदनाशामक गोळी रोजची सवय होऊ देऊ नका, आणि आपल्या सर्व गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवत जा. लघवी गडद तपकिरी झाली किंवा तिचे प्रमाण फार घटले, तर माझ्यासारखी एका रात्रीची वाट पाहू नका.

घरात दोन रुग्ण

त्या दोन दिवसांत घर एकट्या पत्नीने सांभाळले. दिवसाचे काम तिचेच होते, रात्रीचेही तिच्यावर आले. मधूनच ती रुग्णालयात डबा घेऊन येई आणि परत धावत घरी जाई. तिने एकही कठोर शब्द उच्चारला नाही. घरी आल्यानंतर तिसऱ्या दिवशी, आई झोपल्यावर, ती एवढेच म्हणाली, "तुम्हाला सुटी हवी होती, तर मागायची होती. मी दिली असती."

मी गप्प राहिलो. तिने सांगेपर्यंत, तिलाही सुटी हवी असेल, हे माझ्या मनात आलेच नव्हते.

शुश्रूषा करणाऱ्यांना मी रोज पाहतो. वडिलांना अर्धांगवायू झाल्यावर तीन वर्षे बाहेरगावी न गेलेला मुलगा, स्मृतिभ्रंश झालेल्या सासूच्या खोलीबाहेर झोपणारी सून, पत्नीला उचलताना स्वतःची कंबर मोडून घेणारे आजोबा. ही माणसे कोणतीही तयारी नसताना एका रात्रीत लांब पल्ल्याच्या शर्यतीत ढकलली जातात. शेवटची रेषा कोठे आहे, हे त्यांना ठाऊक नसते. आपण दमलो, असे म्हणायची त्यांना लाज वाटते. मग तो थकवा भलत्या वाटेने बाहेर पडतो: चिडचिडीतून, न घेतलेल्या गोळ्यांतून, वाढलेल्या रक्तदाबातून. माझा घाटातून बाहेर पडला.

आता आमच्या घरात काही बदल झाले आहेत. आठवड्यातून तीन रात्री आईपाशी मदतनीस बाई असते. पुण्याची माझी बहीण महिन्यातले आठ दिवस येऊन राहते. तिला आधीच बोलवायला हवे होते, पण "तिला कशाला त्रास" म्हणून मी फोन केला नव्हता. तिने माझ्याकडून सर्व ऐकून घेतले आणि म्हणाली, "दादा, ती माझीही आई आहे." रविवारची दुपार पत्नीची. ती कोठे जाते, काय करते, हे आम्ही विचारत नाही.

आईचे अंतर

मी घरी आलो तेव्हा आईने विचारले, "तू पडला नाहीस ना?" नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "मग असा का चालतोस? माझ्यासारखा?"

खरोखरच आम्ही सारखेच चालत होतो. ती वॉकर धरून, मी भिंत धरून. तिच्या पलंगापासून देवघरापर्यंत चाळीस पावले आहेत. ते तिचे लक्ष्य होते. फिजिओथेरपिस्टने पहिल्या आठवड्यात चारच पावले दिली होती, मग सात, मग दहा. उत्साहाच्या भरात एके दिवशी आईने दुप्पट चालायचे म्हटले, तेव्हा ती मुलगी हसून म्हणाली, "आजी, उद्यासाठी ठेवा की थोडं." त्या वेळी मी तेथे उभा होतो, आणि माझ्या काचेखाली ते वेळापत्रक होते. त्या दोन गोष्टींचा संबंध मला जोडता आला नाही.

चालण्याबरोबर आईचे आणखी दोन व्यायाम असतात. उंच खुर्चीतून हातांचा कमीत कमी आधार घेत उठणे आणि बसणे. आणि ओट्याला धरून टाचा उचलणे. दिसायला किरकोळ, पण पडणे टाळण्यासाठी पायांतली ताकद आणि तोल हीच खरी भिस्त असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पासष्टीपुढच्या व्यक्तींनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीच्या हालचालीबरोबरच तीन दिवस तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम करावेत. नुसते चालणे पुरत नाही. मात्र ही १५० मिनिटे पहिल्याच आठवड्यात गाठायची नाहीत. आज दहा मिनिटे होत असतील तर दहा. चालताना दोन वाक्ये बोलता आली पाहिजेत, दुसऱ्या दिवशी नेहमीची कामे करता आली पाहिजेत; तेवढे जमले की पुढच्या आठवड्यात दोन-तीन मिनिटे वाढवा. आजारपणाने खंड पडला तर जेथे सोडले तेथून नव्हे, त्याच्या बरेच मागून सुरू करा. छातीत दडपण, भोवळ किंवा नेहमीपेक्षा वेगळा दम जाणवला तर त्याच क्षणी थांबा आणि दाखवून घ्या. ज्यांचा सांधा बदलला आहे त्यांनी कोणत्या हालचाली टाळायच्या, हे आपल्या शल्यचिकित्सकांनाच विचारावे.

दसऱ्याच्या दिवशी आई काठी टेकत देवघरापर्यंत गेली. चाळीस पावले. पोहोचल्यावर तिने समईची वात स्वतःच्या हाताने पुढे सारली आणि खुर्ची मागितली. तिला दम लागला होता, पण बोलता येत होते.

दवाखान्यात आता बरेच जण विचारतात, "डॉक्टर, यंदा धावणार का?" मी नोंदणी केली आहे. मात्र काचेखालच्या नव्या वेळापत्रकाच्या तळाशी पत्नीच्या अक्षरात एक अट लिहिली आहे: ठरलेल्या सरावापैकी निम्मे दिवस जरी चुकले, तरी त्या रविवारी रस्त्याकडेला उभे राहून टाळ्या वाजवायच्या. त्याखाली मी सही केली आहे, आणि साक्षीदार म्हणून आईने.